उचलणं आणि धरणं

‘मिस्त्री, हायड्रोलिक कमजोर आहे.’ जुना ट्रॅक्टर घेतलेला माणूस वैशाखात गॅरेजला येतो तो हेच वाक्य घेऊन. पाठोपाठचं दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: ‘पंप गेलाय म्हणतात.’ कोण म्हणतं, असं विचारलं तर शेजारी, स्पेअर पार्टवाला, नाहीतर आधीच्या मालकाचा ड्रायव्हर. हायड्रोलिकमधला एवढा एकच भाग सगळ्यांना नावानं ठाऊक असतो, म्हणून दोषही त्याच्याच माथी येतो. माझ्या मते पंपाला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. त्याआधी माणसाला बोलतं करायचं, आणि मग तेलाला.

कमजोर म्हणजे नेमकं काय, हे मी आधी विचारतो. रिकामे बाहू झपकन वर जातात, पण रोटाव्हेटर जोडला की अर्ध्यावर अडतात? की ओझं उचललं जातं, पण फार सावकाश? की उचलतो चांगला, पण बांधावर वळेपर्यंत नांगर खाली लोंबतो? या तिन्ही तक्रारी वेगळ्या आहेत. पंप तेल ढकलतो, प्रवाह देतो. दाब तयार होतो तो समोरच्या ओझ्यामुळे. म्हणून बाहू किती वेगानं वर येतात हे प्रवाहावर ठरतं, आणि किती ओझं उचलतात हे दाबावर. वेग गेला असेल तर पंपाला पुरेसं तेल मिळत नाही किंवा पंप झिजलाय. वेग ठीक असून ताकद नसेल, तर ओझं आल्यावर तेल कुठून तरी निसटतंय, नाहीतर जादा दाब सोडून देणारा रिलीफ वॉल्व लवकर उघडतोय. उचलून धरता येत नसेल, तर गळती सिलिंडरच्या बाजूला आहे. इंजिन बंद केल्यावर पंप फिरतच नाही, तरी नांगर खाली येतो. मग तेल ढकलणाऱ्या पंपाला नावं ठेवून काय उपयोग?

एक प्रश्न मात्र मी कधीच सोडत नाही: सकाळी कसा चालतो आणि दुपारी कसा? गार असताना उचलतो आणि तासाभराच्या कामानंतर मान टाकतो, असं उत्तर आलं तर आतली झीज समजावी. तेल तापलं की पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून मागे पळतं. जुन्या ट्रॅक्टरच्या बाजारात याचाच फायदा घेतला जातो. जाड गिअर तेल भरायचं, रंग मारायचा, नवे स्टिकर चिकटवायचे आणि गार इंजिनावर नांगर उचलून दाखवायचा. जाड तेल झीज झाकतं. घेणारा खूश होऊन घरी जातो आणि पहिल्याच कडक उन्हात नांगरटीला अडतो. त्या माणसाचं पावसाआधीचं काम थांबतं, म्हणून मला हा प्रकार फार लागतो.

तेल मी आधी बघतो, मग बोटांत चोळतो, मग हुंगतो. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. फेस असेल तर कुठून तरी हवा ओढली जातेय, बहुतेक वेळा सक्शनच्या नळीच्या सैल जोडातून किंवा कडक झालेल्या ओ-रिंगमधून. त्या वेळी पंप किंचाळल्यासारखा आवाज करतो. पंपाकडे जाणारं तेल गाळणारी जाळी तुंबली तरी तसाच आवाज येतो. तेल जळकट वासाचं असेल तर ते बरेच दिवस तापत राहिलंय. चमचमणारी पितळी कणी दिसली तर पंपाचा किंवा बेअरिंगचा संशय घ्यायला जागा आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रोलिक यांना एकच तेल असतं, तेव्हा ही कणी गिअरचीही असू शकते. म्हणून कणी दिसली की लगेच पार्ट मागवत नाही. जाळी काढतो.

जाळी हा जुन्या ट्रॅक्टरचा खरा इतिहास असतो. मागच्या मालकानं काय काय केलंय ते तिच्यावर अडकलेलं असतं. चिंध्यांचे धागे, लोखंडाची पूड, जुन्या सीलचे काळे तुकडे, आणि हमखास सापडणारी लाल सिलिकॉन पेस्ट. झाकण बसवताना मिस्त्रीनं ती सढळ हातानं लावलेली असते. बाहेर आलेली कडा बोटानं पुसता येते, पण आत गेलेली कडा तेलात गळते, लांब लाल दोऱ्यांसारखी जाळीवर गुंडाळते आणि पंपाची वाट बंद करते. अशी जाळी रॉकेलमध्ये धुऊन, आतून बाहेर हवेनं फुंकून बसवली आणि योग्य ग्रेडचं नवं तेल भरलं की कितीतरी ‘गेलेले’ पंप परत येतात. तेल कुठलं, हे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ज्या ट्रॅक्टरचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यात वाटेल ते तेल घालून चालत नाही.

आमच्या ऊसपट्ट्यात तेलाच्या घाणीची दुसरी वाट म्हणजे डंपिंग ट्रॉली. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर चालतो. आज ही ट्रॉली, उद्या पाहुण्यांची, परवा भाड्याची. जोडताना कपलरवरची माती कुणी पुसत नाही, आणि दुसऱ्याच्या जॅकमधलं तेल आपल्या हाउसिंगमध्ये येतं. शिवाय जॅक पूर्ण वर गेला की तेवढं तेल ट्रॅक्टरातून कमी होतं. डिपस्टिकवर जेमतेम असलेली पातळी त्या क्षणी खाली जाते आणि पंप हवा खातो. मग ‘ट्रॉली शेवटी शेवटी झटके देते’ अशी तक्रार येते. ट्रॉली वापरायची तर तेलाची पातळी आणि कपलरचं फडकं, दोन्ही जपलं पाहिजे.

एक ट्रॅक्टर सविस्तर सांगतो. कांद्याचं पीक करणाऱ्या एका शेतकऱ्याची जुनी मॅसी 1035. रिकामे बाहू वर जायचे. पेरणी यंत्र उचलायचं, पण इंजिन चालू असेपर्यंत बाहू सारखे डुलायचे, आणि चावी काढली की यंत्र काही मिनिटांत जमिनीवर. त्यांना पंप बदलायचा सल्ला मिळाला होता. मॅसीत पंप मागच्या हाउसिंगमध्ये तेलात बसलेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर चालतो. चार पिस्टनांचा. तो काढायचा तर टॉप कव्हर उतरवा, शाफ्ट ओढा, म्हणजे मजुरी मोठी. पण बाहू डुलणं काही तरी सांगत होतं. दाबाखालचं तेल निसटतं, बाहू थोडे खाली येतात, वॉल्वला ते कळतं, तो पुन्हा तेल सोडतो, बाहू वर येतात. हे चक्र चालू राहतं. पंपात जोर नसता तर बाहू परत वरच आले नसते. म्हणजे गळती पंपाच्या पुढे होती.

यंत्राखाली लाकडी ठोकळे दिले. तेल थोडं कमी करून बाजूचं झाकण उघडलं, इंजिन हळू ठेवलं आणि बॅटरीचा उजेड आत टाकला. पंपातून वर सिलिंडरकडे तेल नेणारी उभी नळी असते. तिच्या वरच्या टोकाशी तेल चकाकत ओघळत होतं. हात आत घालायचा मोह अशा वेळी टाळायचा. दाबाखालची बारीक धार कातडीतून आत शिरते, आणि ती जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी डॉक्टरकडे पळावं लागतं. इंजिन बंद केलं, बाहू खाली सोडून दाब काढला, टॉप कव्हरवरची छोटी कॅप खोलून नळी वर ओढली. ओ-रिंग शिळ्या भाकरीच्या कडेसारखी कडक होऊन एका जागी तुटली होती. नळीच्या दोन्ही टोकांच्या रिंगा बदलल्या. संध्याकाळपर्यंत पेरणी यंत्र वर टांगून ठेवलं. ते जागचं हललं नाही.

रिलीफ वॉल्वबद्दल मात्र मी कडक आहे. दाब कमी वाटला की स्प्रिंगखाली वॉशर टाकून तो वाढवायचा, ही सवय वाईट आहे. बहुतेक ट्रॅक्टरांत हा दाब चौरस सेंटिमीटरला 150 ते 200 किलोच्या आसपास ठरवलेला असतो, आणि तो आकडा सिलिंडर, नळ्या आणि पंपाचा शाफ्ट यांच्या ताकदीवर बांधलेला असतो. गेज लावल्याशिवाय त्या स्क्रूला हात लावू नये. वॉशरनं चार दिवस बरे जातात आणि मग हाउसिंगला तडा जातो.

आणि काही वेळा ट्रॅक्टरात दोषच नसतो. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं तीन पॉइंटची जोडणी आणि हायड्रोलिक एकत्र बांधलं, त्याचं पेटंट 1926 चं. नांगराला जमीन जड लागली की टॉप लिंकवर दाब येतो, स्प्रिंग दबते, वॉल्व उघडतो आणि नांगर आपोआप थोडा वर येतो. इंजिन दमू नये, चाक घसरू नये, म्हणून. यालाच ड्राफ्ट म्हणतात. काळ्या जमिनीत ड्राफ्टचा लिव्हर वर ठेवून नांगरणारा ड्रायव्हर मग म्हणतो, ‘नांगर बसतच नाही, हायड्रोलिक बिघडलंय.’ आणि रोटाव्हेटर ड्राफ्टवर लावणारा म्हणतो, ‘खोली एकसारखी राहत नाही.’ रोटाव्हेटरला ठरलेली उंची धरणारा पोझिशनचा लिव्हर, नांगराला ड्राफ्टचा. एवढं समजावून सांगितल्यावर पैसे न घेता परत पाठवलेले ट्रॅक्टर माझ्या लक्षात जास्त राहिलेत.

क्षमतेचंही तसंच. 1035 ची उचल क्षमता 1100 किलो सांगतात. पण अवजार जितकं लांब मागे जाईल तितका तोल बदलतो. वजन तेच असलं तरी लांब पलटी नांगर आखूड रोटाव्हेटरपेक्षा जड लागतो. ट्रॅक्टरच्या अंगाबाहेरचं अवजार लावून पंपाला दोष देणं अन्यायाचं आहे.

जुना ट्रॅक्टर घ्यायला जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. आपलं सगळ्यात जड अवजार सोबत न्या. अर्धा तास रानात काम करून ट्रॅक्टर चांगला तापू द्या. मग अवजार पूर्ण उचला, इंजिन बंद करा, शेजारी काठी उभी करून खडूनं खूण करा आणि चहा घेऊन या. अवजाराखाली कुणाला जाऊ देऊ नका. परत आल्यावर खूण बघा, डिपस्टिक काढून तेल बोटावर घ्या, आणि मगच विसार द्या.