हाताची पारख

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर वसलेला पांढुर्णा-सौंसरचा मुलूख हा कापसाचा, संत्र्यांचा आणि वऱ्हाडी वळणाच्या मराठीचा. १८५३ नंतर नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा टापू मात्र छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिला, पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु या साऱ्या फेरफारांची वार्ता पऱ्हाटीला कधी कळली नाही, आणि दिवाळीच्या सुमारास बोंडे उकलून कापसाच्या गाड्या सरकी काढणाऱ्या जिनाच्या फाटकाशी लागल्या की त्यांच्या बाजूने डबा कमरेशी धरून आत शिरणाऱ्या बायांनाही तिची फारशी मातब्बरी वाटत नाही.

त्यांपैकी एकीला मी बऱ्याच वर्षांपासून ओळखतो. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हजेरीपटावरही ते पुष्कळदा चुकीचेच लिहिलेले असते.

जिनातला ढीग तिच्या डोक्यापेक्षा उंच. त्यातील पालापाचोळा, कवडी, एखादा खडा वेचून बाजूस काढावा आणि कवेत मावेल तितका कापूस यंत्राच्या मुखाशी लोटावा, हे तिचे काम. चामड्याचे खरखरीत रूळ तंतू ओढून घेतात, पाती सरकीला मागे झटकतात, आणि बोंडात एकत्र वाढलेली रुई व सरकी क्षणार्धात कायमची विभक्त होतात. क्विंटलभर कापसातून रुई निघते ती सुमारे ३४ किलो. उरलेले बहुतेक सारे वजन सरकीचे. रुईच्या १७० किलोंच्या गाठी बांधून त्या दूरदेशीच्या सूतगिरण्यांकडे रवाना होतात. हवेत तरंगणारे सूक्ष्म तंतू तेवढे मागे राहतात आणि ते भुवयांवर, पदरावर, पापण्यांच्या केसांवर असे काही बसतात, की दुपारच्या सुट्टीत डबे उघडणाऱ्या साऱ्या बाया एकाच वयाच्या, म्हणजे पिकलेल्या केसांच्या दिसू लागतात.

नवरा संत्र्यांच्या तोडणीवर, सासू अंथरुणाला खिळलेली, मुलगा आणि मुलगी शिकणारी. अशा संसाराचा जमाखर्च ती मनातल्या मनात ठेवते, आणि त्यात स्वतःच्या नावे खर्चाचे खातेच उघडलेले नाही. हंगाम संपून जिन बंद पडले की ती निंदणाला जाते. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली जाते, त्यांना त्या दिवशी जुवाखाली घालीत नाहीत. त्यांच्या पुरणपोळीसाठी पाट्यावर पुरण वाटणारी ही मात्र पहाटेपासून उभी असते. (बैलांच्या भाग्याचा हेवा मी करतो आहे, तिने कधी केल्याचे ऐकिवात नाही.) दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार चालते, डोकी फुटतात, माणसे दगावल्याचीही उदाहरणे आहेत, म्हणून ती मुलाला आदल्या सायंकाळीच सौंसरला मामाकडे धाडते. मुलगा रुसतो. ती ऐकून घेते, आणि बसमध्ये बसवून परत येते.

अशा स्त्रीविषयी लिहू लागले की आमच्या लेखणीला त्याग, समर्पण, मातृहृदय इत्यादी शब्दांचा पान्हा फुटतो. मला या स्तुतीचा संशय येतो, कारण त्यागाची थोरवी गाताना रोजंदारीचा दर विचारण्याची गरज उरत नाही. तो विचारणाऱ्या बायाही होत्या. १८७७ साली नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्या शहराच्या गिरणीत राबत राबत राधाबाई कांबळे कामगारांच्या पुढारी झाल्या, आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी त्यांची हकिकत नोंदवली म्हणून ती आपल्याला ठाऊक तरी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाला सकाळी ६ ते सायंकाळी ७ ही मर्यादा घातली, पाळणाघराची तरतूद केली. कायद्याचे कलम चांगले असते. मुकादमाच्या वहीपर्यंत पोचता पोचता ते थकते, इतकेच.

पण मला सांगायचे आहे ते तिच्या हाताविषयी. ढिगात हात खुपसला की ओलावा तिला बोटांच्या टोकांशी कळतो. सरकारी खरेदीच्या केंद्रावर हे काम यंत्र करते. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, १२ च्या वर गेला तर कापूस परत, असा तेथील दंडक. एकदा मुकादमाने ओलसर ढीग यंत्राला लावण्याचा हुकूम सोडला, तेव्हा ती बाजूस सरून उभी राहिली.

"वल्ला हाये, भाऊ. रुळाले गुंडाळन."

त्याने दुसरीला लावले, आणि थोड्याच वेळात रुळाभोवती कापसाचा असा वेढा बसला की यंत्र बंद करून तो सुरीने कापावा लागला. तिच्या मुद्रेवर विजय नव्हता. खाडा पडेल की काय, ही चिंता होती. तरीही पुढे त्या मुकादमाने गाडी उतरविण्यापूर्वी तिला बोलावणे सुरू केले. रोज वाढवला नाही.

मुलीला ती जिनात पाय ठेवू देत नाही. "तिनं खुर्चीत बसाचं," एवढाच तिचा आग्रह. पण गेल्या हंगामात बटाईच्या शेतातला कापूस विकायला नेला असता व्यापाऱ्याने ओलावा जास्त सांगून भाव पाडला, तेव्हा त्या मुलीने गाडीतून मूठभर कापूस उचलला, दाबला, सोडला, आणि माल कोरडा असल्याचे सांगून गाडी दुसऱ्या दुकानी वळवायला लावली. तेथे भाव थोडा अधिक मिळाला. आईला हे संध्याकाळी कळले, आणि तिने प्रथम विचारले ते हे, की वजन करताना काट्यावर नजर ठेवली होतीस ना.