दार उघडताना

भयकथेबद्दल वर्गात बोलायची वेळ आली, की बरीच वर्षे मी एका खेळाचे उदाहरण देत असे. साहित्याच्या तासाला संगणकावरील खेळाचा दाखला द्यावा, हे काही सहकाऱ्यांना रुचत नसे. परंतु मागच्या बाकांवरची मुले सावरून बसत आणि मला तेवढे पुरेसे वाटे. खेळाचे नाव 'ॲम्नेशिया: द डार्क डिसेंट'. स्वीडनमधील फ्रिक्शनल गेम्स या छोट्या, स्वतंत्र संस्थेने तो सप्टेंबर २०१० मध्ये संगणकासाठी प्रकाशित केला. पुढे त्याचे कन्सोलवर आगमन झाले: २०१६ च्या नोव्हेंबरात प्लेस्टेशन ४ वर, २०१८ मध्ये एक्सबॉक्स वनवर आणि २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विचवर. या आवृत्त्यांविषयी खेळणाऱ्यांमध्ये दोन तट पडलेले दिसतात. एका तटाचे म्हणणे असे, की खेळ कन्सोलवर आला आणि त्यातली भीती गेली. दुसऱ्याचे म्हणणे असे, की कन्सोलवर आला म्हणूनच तो आम्हाला नीट खेळता आला. मी पहिल्या तटावर उभी होते. तिथून मला खाली कसे उतरावे लागले, ते सांगण्याचा हा प्रयत्न.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. साल १८३९. प्रशियातील ब्रेननबर्ग नावाच्या किल्ल्यात डॅनियल हा इंग्रज तरुण शुद्धीवर येतो तेव्हा त्याची स्मृती गेलेली असते. त्याला एक पत्र सापडते, ते त्याच्याच हस्ताक्षरातले. विस्मृतीचे पेय आपण जाणूनबुजून प्यायलो आहोत, आणि आता किल्ल्याच्या अंतर्भागात जाऊन अलेक्झांडर नावाच्या सरदाराला ठार मारायचे आहे, असे त्यात लिहिलेले असते. जवळ शस्त्र एकही नाही. एक कंदील, त्यात घालायला थोडे तेल आणि मेणबत्त्या पेटवायला चकमकीच्या मोजक्या पेट्या. अंधारात थांबले तर डॅनियलचे मन ढासळू लागते. किल्ल्यात हिंडणाऱ्या राक्षसाकडे पाहिले तरी ढासळते. म्हणजे ज्याच्यापासून जीव वाचवायचा त्याच्याकडे पाहायचेही नाही. कपाटात शिरायचे, दार ओढून घ्यायचे आणि पावलांचा आवाज ऐकत राहायचे. हा खेळ जिंकण्यासाठी खेळू नका, त्याच्या जगात शिरण्यासाठी खेळा, अशा आशयाची सूचना निर्मात्यांनी आरंभीच दिली आहे.

आणि दारे. बहुतेक खेळांत एक कळ दाबली की दार आपोआप उघडते. इथे माऊसचे बटण दाबून दार धरावे लागते आणि हात पुढे किंवा मागे नेऊन ते ढकलावे अथवा ओढावे लागते. हात जितका हलेल तितकेच दार हलते. चार बोटे फट करून आत डोकावता येते. मागे राक्षस असताना घाईत ओढण्याऐवजी ढकलले जाते आणि दार जागचे हलत नाही. या संस्थेने ही क्लृप्ती 'पेनम्ब्रा: ओव्हर्चर' या २००७ मधील खेळापासूनच वापरली होती, 'ॲम्नेशिया'त तिला पूर्णत्व आले. वर्गात मी मुख्यतः या दारांविषयीच बोलत असे. नारायण धारपांची कादंबरी वाचताना पान उलटायला हात कचरतो, तोच हात इथे दारावर असतो, असे माझे प्रतिपादन असे.

मी तो खेळले २०१२ च्या पावसाळ्यात. साताऱ्यात नवी नोकरी होती, भाड्याची एक खोली होती आणि भारनियमन होते. दिवे गेले की मी लॅपटॉप उघडून हेडफोन लावत असे. लॅपटॉपची बॅटरी तासा-दीड तासात संपे, त्यामुळे डॅनियलचा कंदील आणि माझे यंत्र दोन्ही एकाच वेळी मंदावू लागत. पाण्याने भरलेल्या भुयारातला राक्षस अदृश्य असतो, पाण्यात उठणाऱ्या उडवणुकीवरून तेवढा कळतो. पाण्यात पाय न घालता खोक्यांवरून खोक्यांवर उड्या मारत पुढे जावे लागते. तो भाग पार केल्यावर मी उठून स्वयंपाकाच्या ओट्याशी उगीचच उभी राहिले होते, हे आजही आठवते. इतकी भीती मला कोणत्याही पुस्तकाने दिली नव्हती.

त्यानंतर पाच वर्षांनी, २०१७ च्या दिवाळीत, पुण्याला बहिणीकडे गेले असता भाच्याने प्लेस्टेशनवर तोच खेळ लावला. तो तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात होता. दिवाणखान्यात मोठा टीव्ही, सोफ्यावर तो आणि त्याचे दोन मित्र, मध्ये फराळाची ताटली. बहीण पडद्यासमोरून ये-जा करत होती. राक्षस मागे लागला की तिघे एकदम ओरडत आणि लगेच हसत. मध्येच पडद्याच्या कोपऱ्यात करंडकाची खूण उमटे: अमुक एक गोष्ट साध्य केलीत, अभिनंदन! मी थोडा वेळ पाहिले आणि न राहवून म्हणाले, "हा खरा ॲम्नेशिया नव्हे. तू तो खेळलाच नाहीस."

त्याने खेळ थांबवला. "मग खरा कोणता?"

मी दारांविषयी सांगितले, अंधाराविषयी सांगितले, साताऱ्याच्या खोलीविषयी सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "मावशी, तू पूर्ण केलास का गं?"

मी पूर्ण केला नव्हता. किल्ल्याच्या तळघरातील तुरुंगापर्यंत जाऊन मी थांबले होते. पुढे जाण्याचे धैर्य झाले नाही आणि पुढे तशी गरजही वाटली नाही, कारण भीतीविषयी जे सांगायचे ते सांगायला तेवढा अनुभव पुरत होता. तो म्हणाला, "म्हणजे डॅनियलने काय केलं होतं ते तुला माहीतच नाही?"

हा प्रश्न मला लागला. त्याचे कारण पुढे येईल. त्याआधी दोन्ही तटांच्या मतांचा विचार केला पाहिजे, कारण ती मते म्हणजे केवळ यंत्राविषयीच्या तक्रारी नाहीत.

कन्सोलवर नाराज असणाऱ्यांचा मुख्य आक्षेप हाताविषयी आहे. कंट्रोलरवर बोटाने कळ दाबून धरायची आणि अंगठ्याने छोटी दांडी ओढायची; अंगठ्याच्या अर्ध्या इंचात दाराचे वजन मावत नाही, असे ते म्हणतात. दुसरा आक्षेप अंतराचा. संगणकाचा पडदा हातभर अंतरावर असतो, टीव्ही खोलीच्या पलीकडे. तिसरा करंडकांचा: जिंकण्यासाठी खेळू नका म्हणणाऱ्या खेळाने पदके वाटावीत, हा विरोधाभास आहे. शिवाय संगणकावर खेळणाऱ्यांनीच याच साधनांतून असंख्य नव्या कथा रचल्या होत्या. कन्सोलवाल्यांना त्या मिळाल्या नाहीत. सहा वर्षांपूर्वीची चित्रे मोठ्या पडद्यावर जुनाट दिसतात, ही तक्रारही आहेच. एक्सबॉक्सच्या आवृत्तीसोबत कठीण पातळी आली, तिच्याविषयीही असाच मतभेद आहे. मूळ खेळात मरण आले तर पुष्कळदा राक्षस तिथून निघून गेलेला असतो, म्हणजे खेळ हळूच वाट मोकळी करून देतो. कठीण पातळीत मात्र आपण कुठवर आलो याची नोंद ठेवायची तरी चकमकीच्या पेट्या खर्चाव्या लागतात. काहींना ही खरी भीती वाटते, काहींना निव्वळ हिशेब.

दुसऱ्या तटाचे म्हणणे अधिक साधे आहे. आमच्याकडे तसा संगणक नव्हता. किंवा, एकट्याने खेळायचे धाडस नव्हते, सोबत कोणी असल्यावर झाले. किंवा, शेवटपर्यंत गेलो. हे शेवटचे विधान मी पूर्वी कधी गंभीरपणे घेतले नव्हते.

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसाची प्रक्रिया स्पष्ट करताना 'शाकुंतला'तील त्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे, जे दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत पळते. प्रेक्षकाला तिथे भयाचा प्रत्यय येतो, पण तो 'मी भ्यालो' असा नसतो आणि 'ते हरिण भ्याले' असाही नसतो. स्वतःच्या भीतीत पळून जाण्याची इच्छा मिसळलेली असते. रसात ती गळून पडते आणि भय आस्वाद्य होते. हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. साताऱ्याच्या खोलीत मात्र हरिण मीच होते. मला मिळाले ते भय. त्याचा भयानक रस होण्यासाठी जे अंतर लागते तेच मी उरू दिले नव्हते, आणि परिणामही शास्त्रात सांगितल्याप्रमाणेच झाला: मी पळून गेले. सोफ्यावर ओरडून हसणाऱ्या त्या तीन मुलांजवळ ते अंतर होते. मी त्याला उथळपणा समजले.

अर्थात इतकी सुबक विभागणीही टिकणारी नाही. त्याच रात्री मित्र गेल्यावर भाच्याने कंट्रोलरलाच हेडफोन जोडला, दिवे घालवले आणि एकट्याने खेळायला बसला. तासाभराने स्वयंपाकघरात पाणी प्यायला आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. म्हणजे भीती कन्सोलमुळे जात नाही आणि संगणकामुळे येत नाही; आपण कुठे, कोणासोबत, किती जवळ बसतो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. दुसऱ्या दिवशी मी त्याला माझ्या लॅपटॉपवर खेळायला लावले. लहानपणापासून कंट्रोलरवर वाढलेला त्याचा हात माऊसवर अडखळत होता. दार उघडताना त्याने दोनदा ते स्वतःच्याच तोंडावर लावून घेतले. "इथे दार जड लागतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पण ते दार जड आहे की तुझा माऊस जड आहे, ते कळत नाही." मला मात्र कंट्रोलरवर समोरच्या भिंतीकडे सरळ पाहणेही जमत नव्हते. जे मी खेळाचे सामर्थ्य म्हणत होते, त्यातला किती भाग खेळाचा आणि किती माझ्या हाताच्या सवयीचा, हे वेगळे काढणे सोपे नव्हते.

त्या सुट्टीत, भाचा शेजारी बसलेला असताना, मी कंट्रोलरवर तुरुंगाच्या पुढे गेले. पुढे यातनागृहे येतात. यंत्रांजवळ गेले की पूर्वी तिथे जे घडले त्याचे आवाज ऐकू येतात, आणि हळूहळू स्पष्ट होते की तिथे डॅनियलही होता. त्याच्या मागावर असलेल्या अदृश्य छायेपासून त्याला वाचवण्याचे आश्वासन अलेक्झांडरने दिले. त्यासाठी माणसांच्या यातनांतून एक द्रव्य मिळवायचे होते. हे कैदी गुन्हेगार आहेत, असे अलेक्झांडरने सांगितले आणि डॅनियलने ते मानले, कारण मानणे सोयीचे होते. विस्मृतीचे पेय त्याने प्यायले ते त्या कृत्यांची स्मृती असह्य झाली म्हणून. शेवटी तीन शेवट आहेत. त्यांपैकी कोणता निवडावा हा प्रश्न, आपण आजवर ज्याला वाचवत आलो तो कोण आहे हे कळल्यानंतरच, खऱ्या अर्थाने उभा राहतो.

मी पाच वर्षे वर्गात ज्याविषयी बोलत होते तो एका निरपराध, पळणाऱ्या माणसाचा खेळ होता. तसा खेळ अस्तित्वातच नाही. माझी भीती अस्सल होती, तिच्याविषयी मला आजही शंका नाही. परंतु त्या अस्सल भीतीनेच मला कृतीच्या गाभ्यापर्यंत जाऊ दिले नाही. भाचा तिथवर पोचला होता, फराळाची ताटली आणि कोपऱ्यातले करंडक यांच्यासह.

आणखी एक गोष्ट मला लज्जित करून गेली. फ्रिक्शनलने आपल्या खेळांच्या यंत्रणेला एचपीएल असे नाव दिले आहे, ती एच. पी. लव्हक्राफ्टची आद्याक्षरे. लव्हक्राफ्ट मला प्रथम कुठे भेटला? इंग्रजीत नव्हे. तो भेटला धारपांकडे, वाचनालयाच्या पुठ्ठा बांधलेल्या प्रतींत, वाड्यांचे आणि खेड्यांचे रूप घेऊन. धारपांच्या कितीतरी लेखनामागे लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंग उभे आहेत हे पुष्कळ नंतर कळले. रशियन कादंबऱ्याही आपल्यापैकी बहुतेकांनी इंग्रजीवरून मराठीत आलेल्याच वाचल्या आहेत. त्या वाचनाला कोणी 'तू ते वाचलेच नाहीस' म्हटले असते, तर मी काय उत्तर दिले असते? मूळ आणि रूपांतर यांत फरक असतो, तो सांगितलाच पाहिजे. पण फरक दाखवणे निराळे आणि वाचणाऱ्याला दाराबाहेर उभे करणे निराळे. दुसरे काम मी शिक्षकी अधिकाराने, अर्धाच खेळ खेळून, बिनदिक्कत केले होते.

आता वर्गात हा दाखला देताना मी पहिल्यांदा विचारते, की तुम्ही कशावर खेळलात आणि शेजारी कोण होते. पुस्तकांबाबतही हेच विचारू लागले आहे: छापील प्रत होती, झेरॉक्स होती की मोबाइलचा पडदा? अनुवाद होता का, कोणाचा? उत्तरे ऐकल्यावर त्यांच्या मतांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलते. 'भीती वाटली नाही' हे मतही मग निर्णय राहत नाही. तो एका वाचनाचा वृत्तान्त होतो.

दाराबाबत मात्र माझे मत कायम आहे. ते माऊसनेच उघडावे. भाच्याला ते मान्य नाही. गेल्या वर्षीच्या दिवाळीतही आम्ही त्यावर तासभर भांडलो.