मला आवडले, मला उमजले



या पुस्तिकेतील अन्य घटक तुम्हाला साहित्यप्रकार, भाषा आणि समीक्षा यांचा परिचय करून देतील. या लेखात मात्र मी गेल्या काही महिन्यांत जे वाचले, ऐकले आणि प्यालो, त्याविषयीची माझी वैयक्तिक मते तुमच्यापुढे ठेवणार आहे. पुस्तके आणि संगीत यांच्या पंक्तीला पेये बसवलेली पाहून काहींना हा थिल्लरपणा वाटेल. परंतु कलाकृतीविषयी बोलताना आपण कोणते शब्द वापरतो, ते जरा तपासून पाहा. रस, रसग्रहण, आस्वाद, रुची, अभिरुची, गोडी : हे सारे शब्द जिभेशी नाते सांगणारे आहेत. 'व्यंजन' हा शब्द तर आम्हा भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना वर्णमालेतही भेटतो आणि ताटातही. तेव्हा पंक्ती मी मांडलेली नाही. ती भाषेनेच मांडून ठेवली आहे.

आवडीनिवडीविषयी लिहिण्यापूर्वी 'आवडणे' या क्रियापदाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. 'मी कादंबरी वाचतो' या वाक्यात कर्ता मी आहे. 'मी कादंबऱ्या वाचतो' असे म्हटले तरी क्रियापद बदलत नाही, कारण ते माझ्या आज्ञेत आहे. पण 'मला कादंबरी आवडते' आणि 'मला कादंबऱ्या आवडतात' ही वाक्ये पाहा. येथे क्रियापद कादंबरीच्या मागे गेले आहे आणि मी चतुर्थीत जाऊन बसलो आहे. 'मला वाटते', 'मला सुचते', 'मला समजते', 'मला हसू येते' यांची रचनाही अशीच. आवडणे ही आपण करण्याची गोष्ट नसून आपल्याला होणारी गोष्ट आहे, असे मराठीचे व्याकरण मानते. 'माझे मत असे आहे' या वाक्याचे तसे नाही. तेथे मालकी आली, आणि मालकीबरोबर जबाबदारीही आली. आवडीपासून मतापर्यंतचे हे अंतर कसे चालावे, हा या लेखाचा खरा विषय आहे.

तुमचे स्वाध्याय तपासताना मला बहुतेकदा या दोन्ही प्रकारची वाक्ये भेटत नाहीत. भेटते ते 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही' हे वाक्य. त्यात मीही नाही आणि मलाही नाही. बोलणारा कोण, हेच कळत नाही.

अलीकडे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचली. 1934 ते 1936 या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. या ग्रंथाच्या परिचयात 'खेळकर विनोद' हे शब्द हमखास असतात. एका संपर्कसत्रात अंगणवाडीत काम करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या एक विद्यार्थिनी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, सगळे विनोदी म्हणतात; मला हसू आलं नाही." वर्गात थोडी कुजबुज झाली. मी त्यांना इतकेच विचारले, कोणत्या पानावर आले नाही? त्यांनी पान दाखवले. 1895 मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या, त्या काळाचे ते वर्णन होते. "नवरा न सांगता निघून जातो, ते हसत सांगावं लागतं तेव्हा ते हसणं नसतं," असे त्या म्हणाल्या.

माझे मत त्यांच्याशी पूर्णपणे जुळत नाही. लक्ष्मीबाईंचा विनोद मला ढाल वाटत नाही. तो त्यांचा स्वभावच वाटतो. त्यांची वाक्ये आखूड आहेत, बोलण्याच्या लयीतली आहेत आणि दुःखाला त्या फारशी विशेषणे लावत नाहीत. परंतु 'खेळकर' या एका शब्दाने हे पुस्तक मिटवून टाकणाऱ्या टिपणांपेक्षा त्या विद्यार्थिनींचे वाक्य मला अधिक मोलाचे वाटते, कारण त्यांच्याजवळ पानाचा क्रमांक होता. त्यांनी स्वाध्यायात मात्र 'खेळकर विनोद' असेच लिहिले होते. कारण विचारले तेव्हा म्हणाल्या, "गुण जातील म्हणून." हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही.

विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण' (1939) विषयी थोडक्यात सांगतो. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावरचे परागंदा ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा यांचे अल्पायुषी प्रेम. हे सारे इतक्या कमी पानांत मावले, याचे आजही नवल वाटते. तरी हॅर्टा आपल्याला चक्रधराच्या नजरेपलीकडे फारशी भेटत नाही, ही माझी तक्रार कायम आहे. तुम्ही ती खोडून काढलीत तर मला आनंदच होईल.

संगीताकडे वळतो. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदे गाऊन जो कार्यक्रम केला, त्याचे नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. पुन्हा चतुर्थी! 'बालगंधर्वांची गायकी' असे भारदस्त नाव देता आले असते. परंतु क्षयाने आजारी पडून देवासला आलेल्या, काही वर्षे गाण्यापासून दूर राहावे लागलेल्या या गायकाने दाव्याऐवजी अनुभव मांडला. ही ध्वनिमुद्रणे ऐकताना मला बालगंधर्वांची आठवण कमी येते आणि कुमारांची अधिक. त्यांच्यातील तो ओघ येथे तुटून तुटून येतो, स्वर अचानक उसळतो आणि थांबतो. ज्यांना मूळ पद जसेच्या तसे हवे असते, त्यांना हे रुचत नाही, आणि त्यांची नापसंती मला अप्रामाणिक वाटत नाही. मला रुचते, कारण ओळखीचे पद येथे कोणीतरी विचार करून पुन्हा उच्चारत आहे, असे जाणवते.

आता पेये. 'तो पितो' एवढेच म्हटले की काय पितो, हे मराठीत विचारावे लागत नाही. म्हणूनच बहुधा आपण पाहुण्याला चहा 'घेणार का' असे विचारतो. बंगालीत तर चहा 'खातात'. 'सरबत' आणि 'शराब' हे दोन्ही शब्द पिणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूतून आले. एक आपण पाहुण्यापुढे ठेवतो, दुसऱ्याचे नाव हळू आवाजात घेतो. माझे स्वतःचे मत विचाराल तर उन्हाळ्यात सोलकढीला तोड नाही. अट एवढीच, की नारळाचे दूध ताजे असावे, आमसुले जुनी असावीत आणि लसणाने बेताने वागावे. खाणावळीत मिळणारी भडक गुलाबी सोलकढी मी शिष्टाचारापुरती संपवतो.

पेयाची निवड ही केवळ जिभेची बाब नसते, हे मात्र ध्यानात असू द्या. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा आला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक त्यांत होते. कोणी तो प्याले, कोणी कप नुसता हाती घेतला. पण नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. 1927 मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी पाणी प्यायले. ती तर तहानेची गोष्टच नव्हती.

या घटकाचा स्वाध्याय असा : अलीकडे वाचलेले एक पुस्तक, ऐकलेले एक गाणे आणि प्यालेले एक पेय यांविषयी प्रत्येकी दहा ओळी लिहा. पहिले वाक्य 'मला' या शब्दाने सुरू करा आणि शेवटचे 'माझे मत' या शब्दांनी. मधल्या ओळींत पान, जागा किंवा चव नेमकी दाखवा. मार्गदर्शकांतील वाक्ये चालणार नाहीत. मत माझ्याविरुद्ध गेले, तरी गुण जाणार नाहीत.