विमाने राहिली, बोट गेली

नवी मुंबई हे १९७० नंतर आखलेले शहर. इथे राहणारे आम्ही बहुतेक बाहेरून आलेले. आमचे मूळ रत्नागिरीकडचे. तिकडच्या आमच्या मोहल्ल्यांत घरटी एखादा माणूस बोटीवर नाहीतर मुंबईच्या गोदीत असायचाच. त्यामुळे पनवेलहून कोकण रेल्वेने गोव्याला गेलो की बोगमाळोच्या रस्त्यावरचे नौदलाचे विमान संग्रहालय आम्ही चुकवत नाही. १९९८ साली ते सुरू झाले.

उघड्या आवारात विमाने ओळीने उभी आहेत. एकाच वैमानिकाचे सी हॉक, तिघांना घेऊन पाणबुड्या शोधणारे फ्रेंच अलिझे, २०१६ साली निवृत्त झालेले सी हॅरियर. तीन शेपट्यांचे भले मोठे सुपर कॉन्स्टेलेशनही आहे. ते आधी एअर इंडियाचे प्रवासी विमान होते. पोरे त्याच्याभोवतीच घुटमळतात.

एका फेरीत आमचे मामू बरोबर होते. तरुणपणी ते गोदीत फिटर होते. सी हॉकच्या तोफांकडे त्यांनी पाहिलेही नाही. शेपटाखालचा हुक आणि पंख दुमडायचे सांधे मात्र वाकून वाकून पाहिले. विमान डेकवर उतरताना हा हुक आडव्या तारेत अडकतो आणि विमान थांबते. पंख दुमडले की बोटीच्या पोटात जागा पुरते. मग त्यांनी विचारले, "हे सगळं जिच्यासाठी केलं, ती बोट कुठाय?"

ती बोट म्हणजे विक्रांत. १९६१ साली बेलफास्टला ती नौदलात दाखल झाली. १९७१ च्या सुरुवातीस तिच्या बॉयलरला चिरा गेलेल्या होत्या. वाफेचा दाब कमी ठेवावा लागे, म्हणून वेग कमी, आणि वेग कमी म्हणून विमान उठायला लागणारा समोरचा वाराही कमी. विमान फेकणारे यंत्रही वाफेवरच चालायचे. तरी ती बोट चालती केली गेली आणि ४ डिसेंबर १९७१ ला तिच्यावरून उठलेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर हल्ला केला. वैमानिकांना वीरपदके मिळाली, ते योग्यच झाले. मामू एवढेच म्हणाले, "वाफेचे नळ जोडणारे आम्ही. आमचे हात कुणाला दिसले?"

विक्रांत १९९७ साली निवृत्त झाली. २००१ ते २०१२ ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आम्हीही पोरांना तिच्या डेकवर फिरवून आणले होते. पुढे तिचा सांगाडा धोक्याचा ठरला, खर्च उचलायला कुणी पुढे आले नाही, आणि २०१४ साली दारूखान्यात ती तोडायला घेतली. तिचे काही लोखंड मोटारसायकलींत गेले. विमाने लहान, म्हणून त्यांना जागा मिळाली. बोट मोठी, ती भंगारात गेली. हात तर कुणी मोजलेच नव्हते.

आम्ही परत आल्यावर एक वही केली. मामू सांगतील ते लिहायचे. कोणत्या खात्यात कोण होते, कोणाचा हात भाजला, पाळी संपली की कोणत्या खानावळीत जेवायचे. चाळीसेक पाने भरली, मग मामू गेले. ज्यांची नावे त्यांनी सांगितली, त्यांतले कुणी आता भेटत नाही.

२०२५ च्या डिसेंबरपासून उलव्याच्या नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. आमच्या नात्यातला एक पोरगा तिथे सामान चढवण्याच्या कामाला लागला आहे. त्याच्यासाठी आम्ही दुसरी वही आणून ठेवली आहे.