हाक ऐकूं यावी म्हणून

पन्नाशी उलटल्यावर नवी हौस करावयाची म्हणजे थोडा संकोच वाटतोच. रात्रीं निजानीज झाल्यावर गाणें ऐकावें, कोणाची झोपमोड होऊं नये, म्हणून चांगलासा हेडफोन घेण्याचें मीं योजिलें. दुकानदारानें दोन प्रकार पुढें ठेविले. एकाच्या वाट्या पाठीमागून बंद. बाहेरचा गलबला आंत येत नाहीं. दुसऱ्याच्या जाळीदार. हा उघडा प्रकार सेनहायझर कंपनीनें १९६८ सालीं बाजारांत आणिला. किंमत, वजन, मोबाइलला झेपेल असा ओहमचा आंकडा, सारें मीं पाहिलें. आणि बंद प्रकार घेतला.

तिसऱ्याच रात्रीं मालकंस ऐकतांना सहज मान वळविली, तों दाराशीं आई भिंत धरून उभी! पाण्यासाठीं तिनें चार हाका मारिल्या होत्या. ती रागावली नाहीं. तेंच मला अधिक लागलें.

दुसऱ्या दिवशीं तो बदलून जाळीचा आणिला. त्यांत खर्ज किंचित् कमी भरतो, पण तंबोरा मोकळा वाजतो. जवळ निजलेल्यास बारीक गुणगुण ऐकूं जाते, रस्त्यावरची मोटार मला ऐकूं येते. पण आईची हाकहि येते. वाचकहो, पहिला हेडफोन घेतांना कानांबरोबर घरालाहि विचारावें.