हायड्रोजन, बॅटरी आणि आमची पुंजी

निवृत्तीनंतर भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आली की सल्लागारांना तोटा राहत नाही. आमचे एक स्नेही सध्या आम्हांला हायड्रोजनच्या शेअरांचा आग्रह करीत आहेत. मोटारीच्या टाकीत हा वायू भरावा, फ्युएल सेलमध्ये हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होऊन वीज निर्माण व्हावी आणि मागे उरावे ते केवळ पाणी! कल्पना मोहक खरीच. १८३९ च्या सुमारास विल्यम ग्रोव्ह याने असा घट करून दाखविला, तेव्हापासून ती माणसाला भुरळ घालीत आली आहे.

परंतु भुरळ निराळी आणि भांडवल निराळे. कॅनडातील बॅलार्ड कंपनीचेच पाहा. १९९७ साली डाइम्लर व फोर्ड ह्या बड्या मोटार कंपन्यांनी तिच्यात पैसा घातला. २००० च्या आरंभी तिचा शेअर १०० डॉलरांच्या वर गेला. २००८ साली मोटारींच्या फ्युएल सेलचा व्यवसाय तिने त्याच दोघींच्या हवाली केला, तेव्हा शेअर काही थोड्या डॉलरांवर उतरला होता. टोयोटाने २०१४ च्या अखेरीस 'मिराई' विक्रीस आणली. पण कॅलिफोर्नियात शेल कंपनीने २०२४ साली मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन-पंप बंद केले आणि मालकांच्या अडचणीत भर पडली.

हे सारे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, शेवटी चाक विजेनेच फिरायचे, तर मध्ये हा द्राविडी प्राणायाम कशाला?" प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. विजेने पाण्याचे विघटन करायचे, वायू दाबून भरायचा, वाहून न्यायचा आणि पुन्हा त्याची वीज करायची! १०० युनिटांतली जेमतेम २५ ते ३५ चाकांपर्यंत पोहोचतात. बॅटरीच्या वाटेने ७० ते ८० पोहोचतात. शिवाय २०१० साली दर किलोवॉट-तासाला १,००० डॉलरांहून महाग असलेली बॅटरी २०२४ पर्यंत सरासरी ११५ डॉलरांच्या आसपास आली.

मग बॅटरीचे शेअर घ्यावेत काय? तेथेही जपून. अमेरिकेतील ए-१२३ कंपनीने २०१२ साली, तर स्वीडनच्या नॉर्थव्होल्टने २०२५ साली दिवाळे काढले. बॅटरी स्वस्त झाली याचा आनंद गिऱ्हाइकाला. विकणाऱ्याचा नफा त्याच स्वस्ताईत आटतो, ही गोष्ट दलाल सहसा सांगत नाहीत.

हायड्रोजन निरुपयोगी आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आमच्या बडोद्याजवळच कोयलीची रिफायनरी आहे, खताचा कारखानाही आहे. अशा कारखान्यांना हायड्रोजन हा कच्चा माल म्हणूनच लागतो. तेथे बॅटरी त्याची जागा घेऊ शकत नाही. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून होतो. तो विजेपासून करण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली १९,७४४ कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

तेव्हा स्नेह्यांना आम्ही सांगितले आहे, "मोटारींचे सोडा. खताच्या कारखान्याला परवडेल अशा भावात हायड्रोजन देऊ शकणारी कंपनी दाखवा आणि येताना तिचा ताळेबंद घेऊन या." तोवर रक्कम बँकेत मुदतठेवीत आहे. पावती सौभाग्यवतींच्या कपाटात असून किल्ली त्यांच्या कमरेला आहे.