अर्धा पाइंट

मंडळी, आम्ही ऊद मेथाचे. इथे बिअर परवान्याच्या हॉटेलात दाराआड. रस्त्यावर प्यायलात तर गुन्हा. शिवाय मुलांसमोर मी ग्लास कधी हातात धरला नाही. म्हणून ज्याला बोट धरून इंडियन हायस्कूलला सोडायचो, तो चिरंजीव इंग्लंडात म्हणाला, "बाबा, गावच्या हॉलमध्ये रिअल एलचा महोत्सव आहे, चला," तेव्हा मी आधी हिच्याकडे पाहिलं.

ही निघालीसुद्धा!

हॉलमध्ये लाकडी घडवंच्यांवर पिंपं आडवी मांडलेली. रिअल एल शेवटची आंबते ती पिंपातच. यीस्ट जिवंत, वरून वायू भरायचा नाही, फार गारही करायची नाही. ११ ते १३ अंश पुरे. कारखानी बिअरपुढे ती टिकावी म्हणून १९७१ साली चार मित्रांनी 'कॅमरा' ही संघटना काढली. हिचा निकाल, "म्हणजे आंबोळीचं पीठच की!"

चिरंजीवाने दोन अर्धे पाइंट आणले. चव कडवट, पण मऊ. शेजारी बसून तो हळूच म्हणाला, "बाबा, तीन महिने झाले, नोकरी गेलीय." दर शुक्रवारच्या फोनवर कधी न निघालेला विषय.

मी मध्ये बोललो नाही. त्याचं सांगून होईपर्यंत तो अर्धा पाइंट पुरवून पुरवून प्यायलो.